वेगळं पातेलं

आठवा शेंगदाणा गिळून झाला तरी श्रीमंतला काहीच झालं नाही. लातूरच्या त्या दवाखान्यात निळ्या रेक्झिनच्या खुर्चीवर, दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळून, तो ओठ सुजण्याची, घसा आवळण्याची, अंगावर गांधी उठण्याची वाट बघत बसला होता. सकाळी नऊला डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली होती. आधी चिमूटभर कूट, मग वीस मिनिटं थांबून अर्धा दाणा, मग एक, मग दोन. आणि दर वेळी नर्स येऊन त्याची जीभ, मान, पोटाची कातडी बॅटरी मारून बघून जायची. शेजारच्या ट्रेमध्ये इंजेक्शन तयार ठेवलेलं होतं. त्याची नजर सारखी तिकडे वळत होती. ते टोचायची वेळ यावी असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटतंय हे कळल्यावर त्याला स्वतःचीच चीड आली. दाणे ताजे भाजलेले होते, किंचित करपलेले. बावीस वर्षांनी त्याच्या दाढेखाली शेंगदाणा फुटला होता आणि तो गोड लागला होता. हेच सगळ्यांत ओंगळ होतं. ओकारी आली असती तर बरं वाटलं असतं. त्याऐवजी जीभ निर्लज्जासारखी मागच्या दाढेत अडकलेला कण शोधत फिरत होती, आणि सापडल्यावर तिनं तो चघळलासुद्धा.

आणखी दोन तास नुसतं बसवून ठेवून बाईंनी त्याला आत बोलावलं. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या हातावर वेगवेगळे थेंब टाकून सुया टोचल्या होत्या. तेव्हाही शेंगदाण्याचा थेंब नुसता वाळून गेला होता. उठली होती ती एकच गाठ, चाचणी बरोबर चालली आहे हे कळावं म्हणून सगळ्यांचीच मुद्दाम उठवतात ती. "सर, तुम्हाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही," बाई म्हणाल्या. "आज नाही, हे मी छातीठोकपणे सांगते." "मग जाते का ती? अशी आपोआप?" आपल्या आवाजातली लाचारी श्रीमंतला ऐकू आली. "लहान मुलांत काहींची जाते. मोठेपणी सुरू झालेली इतकी साफ निघून जाणं जरा विरळच. पण जाऊ शकते, मी नाही म्हणत नाही." बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? खाल्ल्यावर किती वेळानं? सोबत आणखी काय होतं पानात? कधीकधी शेंगदाणा बिचारा फुकट बदनाम होतो. लोकांना घाबरूनही उलटी होते, अंगावर उठतं." "लई वर्षं झाली," श्रीमंत म्हणाला, "आठवत नाही." एरवी तो दवाखान्यात, बँकेत, वर्गात जपून बोलायचा. खोटं बोलताना मात्र गावाकडचं 'लई' तोंडातून निसटलं. बाईंनी मान डोलावली, ज्यांना खरीच ॲलर्जी असते त्यांनी घरी असले प्रयोग करू नयेत असं दोनदा बजावलं आणि कागदावर सही केली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे क्लासचे फलक, आणि फलकांवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे चेहरे. त्यातल्या एका फलकाच्या कोपऱ्यात तोही होता, 'जीवशास्त्र : श्रीमंत सर', गेल्या तीन वर्षांपासून तोच फोटो, ओठ घट्ट मिटलेले. बारा वर्षं तो लातुरात पोरांना जीवशास्त्र शिकवत होता आणि बारा वर्षं ॲलर्जीचा धडा आला की स्वतःलाच उदाहरण म्हणून उभं करत होता. शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजतं, तो फळ्याला पाठ टेकून सांगायचा, आणि त्या गैरसमजापायी स्वतःच्याच घराला आग लावून घेतं. मग खिशातून, झटका आलाच तर म्हणून बाळगलेली, प्लॅस्टिकची छोटी पेटी काढून दाखवायचा. आत एक काचेची कुपी, एक सुई, दोन गोळ्या. पोरं डोळे मोठे करून बघायची. पहिल्या बाकावरचं कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, चिक्कीसुद्धा नाही?" आणि सगळा वर्ग हसायचा. त्याच्या हाताखालून गेलेले तीस-चाळीस जण आज डॉक्टर होते. त्यातल्या कुणी त्याला कधी विचारलं नाही की सर, पहिल्यांदा कळलं कसं. विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं, याचा विचार करत तो फलकाखाली थांबला, आणि आपल्याच त्या मिटलेल्या ओठांकडे बघून त्याला शिसारी आली. खिशात पेटी होतीच. ती फेकून द्यावी असं वाटलं. पण फेकायची कुठं हे न सुचून त्यानं ती तशीच राहू दिली.

मराठवाड्यात राहून शेंगदाण्याला टाळायचं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहण्याचा हट्ट. पोह्यात दाणे, साबुदाण्यात कूट, वांग्यात कूट, दोडक्यात कूट, आणि काहीच नसलं तर भाकरीवर चटणी, तीही दाण्याचीच. श्रीमंतनं हा हट्ट बावीस वर्षं चालवला होता. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून त्याला चष्मा लागला. लग्नाच्या मांडवात तो आधी आचाऱ्याला गाठून तेल कुठलं ते विचारायचा. त्याची बायको उज्वला हिला चटणीची तलफ आली की ती शेजारणीकडे जाऊन खायची आणि चूळ भरून घरी यायची. तिच्या माहेरी तर जावई आला की शेंगांची पोती उचलून परसात नेली जायची. हे सगळं खरं होतं, म्हणजे त्यानं ते खरं केलं होतं. एवढी वर्षं इतक्या माणसांनी इतक्या नेमानं जी गोष्ट सांभाळली ती खोटी कशी असेल, या भरवशावर तो जगला. उज्वलाला त्यानं फोन करून निकाल सांगितला तेव्हा ती हसत सुटली. "म्हणजे मी आता घरात कूट घालू? खरंच घालू?" संध्याकाळी तिनं भरली वांगी केली, कूट ओतून ओतून केली. त्यानं तीन खाल्ली. ती समोर बसून त्याच्या मानेकडे बघत होती. मान कोरडी होती. तिनं डोळे पुसले. त्याला मात्र हातावरचं वांग्याचं तेल नकोसं झालं, आणि साबणानं तीनदा धुऊनही ते गेलं असं वाटेना.

कारण अजून एक फोन बाकी होता, आणि तो त्यालाच आला. नांदेडहून धम्मानंद, कॉलेजपासूनचा मित्र. "काय रे श्रीमंत्या, काय म्हन्ली डाक्टरीन? माय दोन दिसापसून इचारून राहिली." "उद्या येतो," श्रीमंत म्हणाला, "समोरच सांगतो." फोन ठेवला आणि त्याला कळलं की समोर जाऊन नक्की काय सांगायचं हे त्यानं तेवढ्यात ठरवूनही टाकलं होतं. गेली, असं सांगायचं. होती, आणि गेली. शब्द बाईंनीच दिला होता, जाऊ शकते म्हणून. धम्मानंदच्या आईनं, नागुबाईनं, त्याच्यासाठी वेगळी ठेवलेली भांडी खाली काढायची, सगळ्यांबरोबर एका पंगतीला बसून चटणी खायची, हसायचं, आणि विषय मिटवायचा. खरं सांगितलं तर ते घर त्याला कायमचं बंद झालं असतं. त्या घराइतकं आपलं असं त्याला जगात दुसरं घर नव्हतं. आई गेली तेव्हा तो गावाकडून लातूरला परतलाच नाही. तसाच नांदेडला गेला आणि नागुबाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्या मांडीचा प्रश्न होता.

सकाळच्या नांदेड गाडीत शेजारच्या माणसानं अहमदपूर सोडल्यावर कागदाचा पुडा उघडला आणि गरम भजी त्याच्यापुढे केली. "घ्या की साहेब." "नको, मला ॲलर्जी आहे," श्रीमंत म्हणाला. तोंडातून ते बाहेर पडल्यावर तो दचकला. भज्यात डाळीचं पीठ होतं, कांदा होता. ॲलर्जी कसली? त्या माणसाच्या अंगठ्याचं नख तंबाखूनं पिवळं पडलं होतं, एवढंच. आता त्याचं डोकं नको तिकडे धावायला लागलं. क्लासच्या शिपायाच्या मुलीचे पेढे: ॲलर्जी. त्याच शिपायानं आणलेली रमजानची खीर: ॲलर्जी. गल्लीतल्या बुद्धजयंतीचं जेवण: ॲलर्जी. आणि बसलिंगप्पा मामाच्या घरचं धपाटं, ज्यात काय काय पडलंय हे त्यानं कधी विचारलंसुद्धा नव्हतं? ते त्यानं खाल्लं होतं. सख्ख्या मामीच्या हातचा चिवडा त्यातले दाणे वेचून बाजूला ठेवून खाल्ला होता, आणि उरलेल्या चिवड्याला दाण्यांचं तेल लागलेलं असणार हे जीवशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला एकदाही सुचलं नव्हतं. लोह्यापर्यंत तो असा एकेक हात आठवत गेला, घेतलेले आणि नाकारलेले, आणि शेवटी त्यानं खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं. गजावर आदल्या कुणाच्या तरी उलटीचा वाळलेला ओघळ होता. तो मागे सरला नाही. त्याला वाटलं, आपली लायकी एवढीच आहे.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. जळकोटकडच्या गावाहून नांदेडला शिकायला आलेला, आणि बाकावर शेजारी बसणारा धम्मानंद हा त्याचा पहिला मित्र. धम्मानंदचं घर कंधारला. बाप ग्यानोबा गवंडीकाम करता करता लवकर गेलेला. आई नागुबाई शाळेतल्या पोरांचा पोषण आहार शिजवायची. दिवाळीत धम्मानंद आधी श्रीमंतच्या गावी आला. श्रीमंतच्या आईनं, विठाबाईनं, त्याला चहा दिला, लाडू दिला, प्रेमानं विचारपूस केली, आणि तो गेल्यावर त्याचा कप दोन बोटांनी उचलून ओसरीतल्या कोनाड्यात ठेवला. "आपन काय कुनाला वंगाळ म्हनत न्हाई बाबा," ती म्हणाली, "पर त्यांच्या हातचं आपल्या पोटात टिकत नसतंय." श्रीमंत तिच्याशी भांडला. पुस्तकातली चार वाक्यं त्यानं तिच्या तोंडावर फेकली आणि दुसऱ्याच आठवड्यात मुद्दाम कंधार गाठलं, तिथं जेवायचंच म्हणून. घर लहान होतं. सारवलेली जमीन, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मांडणीवर राखेनं घासून लख्ख केलेली भांडी. त्याच्या स्वतःच्या घरापेक्षा ते स्वच्छ होतं, हे त्याला तेव्हाही दिसलं होतं. नागुबाईनं ज्वारीची भाकरी वाढली, उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी वाढली, वर तेलाची धार. दोन घास त्यानं चवीनं खाल्ले. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत घोळला आणि त्याच्या तोंडापाशी धरला. "माझ्या हातचा येक घास खा लेकरा." त्यानं तोंड उघडलं. तिची बोटं त्याच्या ओठाला लागली. आणि पोटातून, पुस्तकांच्या किती तरी खालून, विठाबाईचा आवाज आला. घसा बंद झाला. तो उठून परसात धावला आणि भिंतीशी वाकून सगळं ओकला. मानेवर, छातीवर लाल गांधी उठल्या. वर बघितलं तर दारात धम्मानंद उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. राग नव्हता, भीतीही नव्हती. हे असंच होणार हे माहीत असल्यासारखा तो नुसता बघत होता. त्याला तसंच सायकलवर घालून धम्मानंदनं एका दवाखान्यात नेलं. तिथल्या कंपाउंडरनं मानेकडे बघून विचारलं, "काय खाल्लंय?" भाकरी, शेंगदाण्याची चटणी. "मग शेंगदाना बाधला आसंल. ॲलर्जी म्हनतेत त्याला. आजकाल लई निघून राहिलंय." धम्मानंदचा चेहरा त्या शब्दासरशी उघडला. "आरं येड्या, आधी सांगायचं न्हाई का!" म्हणत तो हसायला लागला, हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि श्रीमंतही हसला. ते हसणं आठवलं आणि गाडीत बसल्या बसल्या त्याच्या तोंडाला ओकारीआधीचं खारट पाणी सुटलं.

पुढे तीन वर्षं दोघं नांदेडला एका खोलीत राहिले, आणि कंधारहून सकाळच्या एसटीनं दोन डबे यायचे. कंडक्टर ओळखीचा होता. डबे ड्रायव्हरच्या मागं ठेवलेले असायचे, त्यातल्या एकाच्या कडीला लाल दोरा. दोऱ्याचा डबा श्रीमंतचा. त्यासाठी नागुबाईनं वेगळं पातेलं घेतलं, वेगळा तवा घेतला. त्याच्या भाजीला करडईचं तेल, त्याच्यासाठी जवसाची चटणी, आणि ती कुटायच्या आधी उखळ दोन पाण्यानं धुतलेलं. रोज शाळेत दीडशे पोरांचा भात शिजवायची आणि वर ही उस्तवार. तो डबा त्यानं तीन वर्षं चाटूनपुसून खाल्ला. एकदाही मळमळलं नाही. याचा अर्थ त्यानं तेव्हा असा लावला की बघा, मला त्यांच्या हातचं चालतं, माझं मन स्वच्छ आहे, शेंगदाणा तेवढा वाईट. आईलाही त्यानं हे ऐकवलं होतं, छाती काढून. आज नांदेडच्या स्टँडवर उतरताना त्याला दुसराच अर्थ लागला. चालत होतं ते पातेलं वेगळं होतं म्हणून. त्या बाईनं स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं, राखेनं घासूनपुसून, त्याचं सोवळं सांभाळलं होतं. आणि तिला वाटत होतं ती त्याचा जीव वाचवतेय.

धम्मानंद आता पाटबंधारे खात्यात होता, कॉलनीत त्याचं दोन मजली घर होतं, बायको माहेरी गेलेली. दार त्याच्या आठ वर्षांच्या मुलीनं, धम्मप्रियानं उघडलं. "काका!" म्हणून ती झेपावली आणि दोन हातांवर येऊन गचकन थांबली. "थांबा थांबा. मी आत्ता चिक्की खाल्ली." आतून नागुबाईचा आवाज आला, "साबन लाव गं. तोंड बी धू. तसंच शिवू नको काकाला." हे त्यानं पोरगी बोलायला लागल्यापासून ऐकलं होतं आणि दर वेळी त्याला तिचं कौतुक वाटलं होतं, केवढी शहाणी म्हणून. आज पोरगी मोरीत उभी राहून कोपरापर्यंत हात घासत होती आणि त्याला ते बघवेना. या घरातल्या पोरीला हात धुतल्याशिवाय आपल्याला शिवायचं नाही हे शिकवलं गेलं होतं. शिकवणारी नागुबाई. शिकवायला लावणारा तो. ती ओल्या हातांनी येऊन त्याच्या कमरेला बिलगली तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो हात त्याला स्वतःचाच नकोसा झाला होता.

"काय म्हन्ली मग डाक्टरीन?" नागुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. सत्तरी गाठली तरी ताठ, केस पांढरे, नजर तीच. श्रीमंतनं तोंड उघडलं आणि ठरवलेलं ते निघालं. "गेली, माय. ॲलर्जी गेली. काल आठ दाणे खाल्ले, काही झालं नाही."

"खरं म्हनतूस?"

"कागद आहे हा."

कागद तिनं घेतला नाही. ती मटकन खुर्चीवर बसली, दोन्ही हात जोडून तिनं कपाळाला लावले. मग उठली, तरातरा आत गेली आणि मांडणीच्या वरच्या फळीवरचं ते पातेलं खाली काढून पोरीच्या हातात दिलं. "घे गं. आता हे समद्यांचं." धम्मप्रियानं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. या पातेल्याला हात लावायची तिला आजवर मुभा नव्हती.

"कवा गेली म्हने?" धम्मानंदनं विचारलं. तो सोफ्यावर टेकून बसला होता, आवाज साधाच होता.

"ते सांगता येत नाही म्हणाल्या."

"हाव," धम्मानंद म्हणाला, "कसं सांगता येईन." आणि त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला, जो आधीच कमी होता.

जेवायला खाली पंगत मांडली. नागुबाईनं चटणी नुकतीच कुटली होती; लसणाचा, भाजल्या दाण्यांचा वास सगळ्या घरात सुटला होता, आणि तो वास चांगला होता. श्रीमंतनं मनाशी पक्कं केलं की खायचं. काल दवाखान्यात खाल्लं, घरी खाल्लं, आता इथं खायचं, की सुटलो. पहिला घास तो स्वतः उचलणार तेवढ्यात नागुबाई त्याच्या शेजारी येऊन बसली. "थांब. बावीस वर्सं झाले, माझ्या हातची शेंगदान्याची चटनी तुझ्या तोंडात गेली न्हाई. पैला घास माझा." तिनं भाकरी मोडली, चटणीत घोळली, तेलात बुडवली आणि त्याच्या तोंडापाशी धरली. बोटं सुरकुतलेली होती, धुतलेली, साबणाचा वास येणारी. या बोटांनी त्याच्या कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवल्या होत्या. त्यानं तोंड उघडलं. घास आत आला, बोटं ओठाला लागली.

आणि घसा बंद झाला. घास अजून जिभेवरच होता, एक कणसुद्धा खाली गेला नव्हता. आत कुणी आवाज दिला नाही, विठाबाई नाही की कुणी नाही. आवाजाची आता गरजच उरली नव्हती, शरीर आपलं आपण शिकलं होतं. मान तापली, कानामागं चुरचुरलं, पोट उलटं फिरलं. नको, तो स्वतःला म्हणाला, ही माझी माय आहे, नको. त्यानं घास गिळायचा प्रयत्न केला, डोळे घट्ट मिटून, दोन्ही हातांनी गुडघे दाबून, आणि तो परत आला. त्यानं तो तळहातावर थुंकला. ओला, चावलेला, लाळेनं चिकट झालेला गोळा तळहातावर घेऊन तो बसला आणि त्याच्या मानेवर एकामागून एक गांधी फुगत गेल्या.

"माय, बाजूला सर!" धम्मानंद उठला होता. कपाटातून त्यानं तसलीच प्लॅस्टिकची पेटी काढली. श्रीमंतला कधी त्यांच्या घरी त्रास झाला तर म्हणून त्यानं ती जन्मभर बाळगली होती, दर वर्षी कुपी बदलली होती, सुई कशी टोचायची ते डॉक्टरांकडून शिकून मोसंबीवर सराव केला होता. कुपीचं डोकं कट्कन मोडलं. "मांडी धर. हालू नको. कागदाला आग लाव त्या, गेली म्हने!" नागुबाई त्याची पाठ चोळत होती, "काय केलं रे माझ्या हातानं, काय केलं," म्हणत होती. आणि भिंतीला चिकटून, ते पातेलं अजून छातीशी धरून, धम्मप्रिया ओक्साबोक्शी रडत होती. "मी हात धुतले होते आज्जी! साबणानं धुतले होते! दोनदा धुतले होते!"

एवढंच करायचं होतं की गप्प राहायचं. सुई मांडीत गेली असती, थोडी छाती धडधडली असती, चाचणी चुकली असं सगळ्यांनी मानलं असतं. पातेलं पुन्हा फळीवर चढलं असतं. बावीस वर्षांचा तो शब्द पुन्हा आपणहून त्याच्यापुढे येऊन उभा राहिला होता. आणि ती पोरगी, आपल्या दोनदा धुतलेल्या हातांचा दोष काय झाला असेल हे शोधत, आयुष्यभर ते आणखी घासत राहिली असती.

"थांब," श्रीमंतनं धम्मानंदचं मनगट धरलं. "सुई नको. ही ॲलर्जी नाही."

"मग काय हाय?"

"किळस आहे," तो म्हणाला. आवाज फार लहान निघाला, म्हणून त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. "मला किळस येते, माय. कंधारलाही तीच आली होती. शेंगदाणा मला कधी बाधलाच नव्हता."

पोरीचं रडणं थांबलं, तिला काही कळलं म्हणून नाही, सगळे गप्प झाले म्हणून. धम्मानंदनं सुईवर टोपण बसवलं. पहिल्यांदा बसलं नाही, दुसऱ्यांदा बसलं. तो श्रीमंतकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. नागुबाईचा हात श्रीमंतच्या पाठीवर होता तिथंच थांबला होता. तो तिनं हळूच काढून घेतला.

"मग म्या तुला बावीस वर्सं कशापसून जपलं रं, लेकरा?" तिनं विचारलं. खरोखरच विचारलं, टोमणा म्हणून नाही.

त्यानं मान वर केली. नागुबाई आपल्या हातांकडे बघत होती.